सीमाभागातील नवोदित कादंबरीकाराचे निर्मितिप्रश्न आणि प्रकाशन : सिरोंचा परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मराठी कादंबरीची समीक्षा प्रकाशित कादंबरीचा विचार करते. अर्धवट राहिलेल्या किंवा प्रकाशकाकडून परत आलेल्या हस्तलिखिताचा विचार तिच्या कक्षेत सहसा येत नाही. हे स्वाभाविक असले तरी त्यामुळे एक प्रश्न दुर्लक्षित राहतो. साहित्यकेंद्रांपासून दूर राहणाऱ्या नवोदित लेखकाला कादंबरी लिहिताना येणाऱ्या अडचणी आणि ती प्रकाशित करताना येणाऱ्या अडचणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, की एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत? गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसर समोर ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. येथे 'नवोदित कादंबरीकार' ही संज्ञा कोणा एका व्यक्तीसाठी नव्हे, तर या परिसरातून कादंबरीलेखन करू पाहणाऱ्या कोणत्याही लेखकासाठी वापरली आहे.

सिरोंचा : भाषिक पार्श्वभूमी :

सिरोंचा हे प्राणहिता-गोदावरी संगमाजवळचे गाव. एकोणिसाव्या शतकात ते अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. पुढे हा प्रदेश चांदा जिल्ह्यात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. नदीपलीकडे तेलंगणा आहे. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूस इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. तालुक्यातील अनेक कुटुंबांची घरची भाषा तेलुगू आहे. माडिया आणि गोंडी बोलणारी गावे आहेत. कचेरीची भाषा मात्र मराठी आहे. तेलुगू, गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातील भाषा, तर मराठी आर्य कुळातील. त्यामुळे येथील मराठी लेखक पुष्कळदा एका भाषेत जगलेला अनुभव दुसऱ्या भाषेत लिहीत असतो.

या परिसरात कादंबरीच्या विषयांची वाण नाही. जंगल आणि वनखाते, नक्षलवादी चळवळ आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेली गावे, २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या मेडीगड्डा बॅरेजच्या पाण्याने बाधित झालेल्या शेतजमिनी, अशी मोठी सामग्री येथे आहे. अडचण विषयाची नाही, निवेदनाची आहे.

संवादाची भाषा :

आठवडी बाजारातील एखादा प्रसंग घेतला तरी ही अडचण स्पष्ट होते. दुकानदार तेलुगू बोलतो, डिंक किंवा मोहफूल घेऊन आलेली स्त्री माडिया बोलते आणि वनरक्षक मराठी बोलतो. हा प्रसंग मराठी कादंबरीत कसा लिहावा?

उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने विदर्भातील लेखकांना एक वाट दाखवली. कौतिकच्या कष्टमय जीवनाची ही कथा वऱ्हाडी संवादांमुळे जिवंत झाली. परंतु वऱ्हाडी ही मराठीचीच बोली असल्याने अन्य प्रांतांतील वाचकही थोड्या प्रयत्नाने ती समजू शकतो. सिरोंच्याच्या लेखकाला ही सोय उपलब्ध नाही, कारण त्याच्या पात्रांचे संवाद मुळात मराठीत नाहीत. त्याला अधिक जवळचे उदाहरण निपाणीचे महादेव मोरे यांचे आहे. पिठाची गिरणी चालवत मोरे यांनी मराठी-कन्नड सीमेवरील कष्टकऱ्यांचे जग तेथील सरमिसळ बोलीसह साहित्यात आणले. सीमेवरची भाषा ही अशुद्ध मराठी नसून एका समाजाची पूर्ण भाषा आहे, हा विश्वास त्यांच्या लेखनामागे दिसतो.

तरीही तेलुगू आणि माडिया संवाद जसेच्या तसे देवनागरीत उतरवून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक वाक्याखाली अर्थ द्यावा लागला तर कादंबरीचा शब्दकोश होतो. सर्व काही प्रमाण मराठीत आणले तर सगळी पात्रे एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलू लागतात. यातून एक मार्ग संभवतो. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो आणि ती भाषा केव्हा बदलतो, यालाच कादंबरीतील घटना मानणे. घरी तेलुगू बोलणारा शेतकरी नुकसानभरपाईच्या अर्जासाठी तहसील कार्यालयात गेल्यावर मराठीत अडखळतो. तेथील शिपाई हळूच त्याच्याशी तेलुगूत बोलतो. येथे तेलुगू शब्द न देताही भाषा, सत्ता आणि आपुलकी यांचे नाते व्यक्त होऊ शकते.

'आम्ही' आणि 'आपण' :

संवादाहून कठीण प्रश्न निवेदकाचा आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. सिरोंच्याच्या लेखकाला तो दोन्ही भाषांनी शिकवलेला असतो. कादंबरीत त्याला निवड करावी लागते : वाचकाला बाहेरचा मानून आपले जग समजावून सांगायचे, की त्याला आतला मानून लिहायचे?

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी या संदर्भात महत्त्वाची आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात बाहेरून येऊन दीर्घकाळ काम केलेल्या या लेखकाने जुरू या माडिया तरुणाची कहाणी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. माडियांच्या शोषणाविषयी अनभिज्ञ असलेल्या वाचकाला ते जग उलगडून दाखवणे ही त्या कादंबरीची गरज होती व ती तिने पूर्ण केली. परंतु त्याच परिसरात जन्मलेल्या लेखकाने तीच पद्धत स्वीकारली तर तो स्वतःच्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहू लागण्याचा धोका असतो.

याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले गाव कोणाला समजावून सांगत बसत नाही. खेड्यातून पुण्यास शिकायला गेलेला व परतलेला हा तरुण वाचक आपल्या ओळखीचाच आहे असे गृहीत धरून बोलतो. 'उदाहरणार्थ', 'वगैरे' यांसारखे त्याचे शब्द ही त्या सलगीचीच खूण होय. पंचविशीतील नेमाड्यांनी ही कादंबरी आपल्या गावी राहून थोड्याच दिवसांत लिहिली. महत्त्वाचे असे की, प्रकाशक रा. ज. देशमुख यांच्या रूपाने तिला लिहिण्यापूर्वीच एक वाचक लाभला होता.

प्रकाशनाची वाट :

येथे निर्मितीचा आणि प्रकाशनाचा प्रश्न एकत्र येतो. हस्तलिखिताचा पहिला वाचक कोण, यावर निवेदकाचा सूर बराच अवलंबून असतो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचत व लेखकाशी चर्चा करीत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले आणि तशा संपादनाचे एक महत्त्वाचे ठिकाण नाहीसे झाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला साहाय्य करते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि अनुदानाने छपाईचा भार हलका होतो. हस्तलिखितातील निवेदनाचा पेच सुटत नाही. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक तर संपादकाशिवायच वाचकासमोर उभा राहतो.

दूरच्या प्रकाशकाला आपले जग कळणार नाही, या भीतीने लेखक प्रत्येक शब्द समजावू लागतो आणि 'आपण'चे 'आम्ही' होते. हस्तलिखित परत आले की तो आणखी स्पष्टीकरणे भरतो. कादंबरी अशा रीतीने अहवाल बनत जाते. परत आलेल्या हस्तलिखिताचे खरे नुकसान हे आहे.

निष्कर्ष :

१. सिरोंच्यासारख्या बहुभाषिक परिसरातील कादंबरीकारासमोर केवळ बोलीचा नव्हे, तर भाषांतराचा प्रश्न असतो. भाषाबदल हीच घटना मानल्यास त्यातून मार्ग निघू शकतो.

२. निर्मिती आणि प्रकाशन या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी 'वाचक कोण' हा एकच प्रश्न आहे.

३. जवळचा, जाणता पहिला वाचक मिळणे ही अशा लेखकाची प्राथमिक गरज आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांचे मराठी विभाग ती भागवू शकतात. प्रकाशित कादंबरीवर चर्चासत्र घेण्याइतकेच परिसरातील एखादे हस्तलिखित वाचून लेखकाशी बोलणे, हेही प्राध्यापकाचे वाङ्मयीन कार्य आहे. तेलुगू किंवा माडिया जाणणारा सहकारी त्या वाचनात सोबत असेल, तर लेखकाला आपल्या गावाचा खुलासा करावा लागणार नाही. त्याला कादंबरी लिहिता येईल.