पाणंद जिथे विरते

तेल ब्राक हे ईशान्य सीरियातल्या खाबूर खोऱ्यातलं सुमारे ४० मीटर उंच पांढरीचं टेकाड. मॅक्स मॅलोवन यांनी १९३७-३८ साली तिथे उत्खनन केलं. पण हे प्राचीन नगर त्याच्या शिवारासकट पाहायचं, तर 'कोरोना' या अमेरिकी हेर-उपग्रहांनी १९६०च्या दशकात टिपलेलं कृष्णधवल छायाचित्र समोर घ्यावं.

आधी नजर छटांवर ठेवावी. पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या कच्च्या विटा, राख, केरकचरा यांची माती भुसभुशीत आणि फिकी. त्यामुळे भोवतालच्या काळ्या रानात जुनी वस्ती उजळ उठून दिसते. पायी जाणारा ज्यावरून सहज चालत जाईल, असा जेमतेम उंचवटाही या फिल्मवर लपत नाही.

मग रेषांकडे वळावं. टेकाडापासून चाकाच्या आऱ्यांसारखे गडद पट्टे निघतात. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी खचलेल्या या पाणंदी. रुंदी कुठे कुठे १०० मीटरपर्यंत, खोली मात्र मीटर-दीड मीटर. आत उभं राहूनही खोलगटपणा ध्यानात येऊ नये इतक्या उथळ. पण पावसाचं पाणी तिथेच मुरतं, ओल टिकते, गवत दाट माजतं. हजारो वर्षांपूर्वीची वर्दळ अशी ओलाव्यातून उमटावी, याचं नवल ओसरत नाही.

खरी बहार पुढे आहे. काही पाणंदी शेजारच्या टेकाडांना जाऊन मिळतात. काही मात्र तीन-पाच किलोमीटरवर, कुठेही न पोहोचता विरतात. पुरातत्त्वज्ञ टोनी विल्किन्सन यांनी याचा लावलेला अर्थ असा : दोन्हीकडे उभी पिकं, म्हणून कळप चिंचोळ्या वाटेनेच हाकावे लागत आणि वाट खचत जाई. शेतं संपून गायरान लागलं, की गुरं पांगत आणि वाटही पुसट होई. म्हणजे रेषा विरते तिथे नगराचं शिवार संपतं. दिसेनासं होण्यालाही अर्थ असतो, हे ओळखणारी ही नजर थोरच.

फिल्मचं भाग्यही मोठं. तिची कुपी पॅराशूटने खाली येई आणि विमान ती हवेतच झेली. १९९५ साली ही छायाचित्रं खुली झाली, तोवर नांगर आणि कालव्यांनी बऱ्याच खुणा पुसल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ जेसन उर यांनी ती धुंडाळून या खोऱ्यातल्या सुमारे ६,००० किलोमीटर पाणंदी नकाशावर आणल्या.

वय मात्र चित्र सांगत नाही. त्यासाठी अभ्यासक टेकाडांवर पायी हिंडून खापरं वेचतात, आणि पाणंदींनी जोडलेल्या वस्त्यांचा काळ प्रामुख्याने इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातला ठरतो. आकाशातून वाचलेलं मातीत पडताळून घेण्याच्या या शिस्तीमुळेच ते वाचन विश्वासाचं होतं.