पातळी मोजली, उपसा कोण मोजणार?

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. या भागातील जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही, असे इथले प्रत्येक शिवार पाण्याच्या दृष्टीने बेटच असते. पाऊस ही एकच जमा. विहिरी, बोअर आणि ओढा ही खर्चाची खाती. हा जमाखर्च मांडण्याची जी सरकारी पद्धत आहे, तिची परीक्षा आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम तिचे गुण पाहू. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून काम करते. राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट आखले आहेत. निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजली जाते. इतक्या वर्षांच्या सलग नोंदी हे मोठेच धन आहे. मूल्यांकनाची रीत १९९७ साली केंद्रीय समितीने ठरवली आणि २०१५ साली ती सुधारली. जमेच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट ‘सुरक्षित’, १०० टक्क्यांपुढे गेला तर ‘अतिशोषित’.

आमचा आक्षेप या टक्केवारीतील उपशाच्या आकड्यावर आहे. पातळी टेपने मोजलेली असते. उपसा मात्र बहुधा विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा सरासरी उपसा असा काढलेला असतो. शेतीपंपांना अनेक ठिकाणी मीटर नाही, आकारणी अश्वशक्तीवर होते. मग एखाद्या विहिरीवर मोटर दोन तास चालली की रात्रभर, हे कळायचे कसे?

ओढ्याची स्थिती याहून वाईट. पावसाळ्यानंतर ओढ्यात झिरपणारे पाणी हे भूजलच असते. पण १९९७ च्या रीतीत त्याच्यासाठी जमेतील ५ किंवा १० टक्के ठोकळ मानाने बाजूला काढले जातात. ओढा जानेवारीत आटला काय किंवा एप्रिलपर्यंत वाहिला काय, आकडा तोच!

या ढोबळपणाने काय बिघडते ते हिशेबाने पाहू. ७०० मिलिमीटर पाऊस धरू. झिजलेल्या बेसॉल्टसाठी त्यातील सुमारे ७ टक्के, म्हणजे ४९ मिलिमीटर, पाणी मुरते असे समिती मानते. हेक्टरी हे ४९० घनमीटर झाले. गव्हाला सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४,००० घनमीटर पाणी लागते. एक हेक्टर गहू आठ हेक्टरांची जमा पितो! शिवाय या खडकातून हाती येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम २ टक्के. म्हणून विहिरीची पातळी एक मीटर वाढली की खरी शिल्लक २ सेंटिमीटरच. इतक्या लहान थैलीत उपशाचा अंदाज थोडा चुकला, तरी ‘सुरक्षित’ शब्दावर विसंबून नवी विहीर खोदणारा शेतकरी फसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, हे विसरता येणार नाही.

उपाय अवघड नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षीचा पाऊस पाहून पिके ठरवण्याची शिस्त घालून घेतली. तशी शिस्त हवी असेल तर आधी मोजमाप हवे, आणि ते शाळेला जमण्यासारखे आहे. मोटरच्या पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा. तो ४० सेकंदांत भरला, तर तासाला १८,००० लिटर उपसा. मोटर किती तास चालली ते शेतकऱ्याला विचारून लिहा. ओढ्याची रुंदी, सरासरी खोली आणि तरंगत्या काडीचा वेग यांचा गुणाकार करा. काठावर व तळाशी पाणी संथ असते, म्हणून त्यातून सुमारे १५ टक्के वजा करा. मोजणी दर पंधरवड्याला, त्याच जागी करा.

अशी वही सरकारी मूल्यांकनाची जागा घेणार नाही. पण त्यातील जो रकाना आज अंदाजाने भरला जातो, त्यासमोर गावाला स्वतःचा आकडा ठेवता येईल. आपल्या पाण्याविषयी जाब विचारायचा, तर तेवढे हाती असलेच पाहिजे.