एकाच गटातले दोन हात

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला दोनच पाने मिळतात. ५२ पानांतून दोन पाने निवडण्याचे १३२६ मार्ग आहेत. चिन्हांची नावे बाजूला ठेवली तर वेगळे प्रकार उरतात १६९ : १३ जोड्या, एकाच चिन्हाचे ७८ आणि भिन्न चिन्हांचे ७८. यांपैकी खेळण्याजोग्या हातांची आठ गटांतली प्रतवारी डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मॅल्मथ यांच्या १९८८ सालच्या पुस्तकात आहे. गणित शिकवणाऱ्याने पाहावे असे हे कोष्टक आहे. आमचा आक्षेप आहे तो ते कुठेही लावण्याला.

फुकट ऑनलाइन स्पर्धेचे उदाहरण घेऊ. प्रवेशशुल्क नसल्याने पहिल्याच डावात सगळ्या चिप्स पुढे सारणारे पुष्कळ असतात. चौथ्या गटात अठ्ठ्यांची जोडी आहे आणि एकाच चिन्हाची नव्वी-अठ्ठीही आहे. समजा, समोर एकच खेळाडू आहे आणि त्याने पाने न बघता सर्वस्व लावले. आता जोडी शंभरात सुमारे ६९ वेळा जिंकते. नव्वी-अठ्ठी जवळपास निम्म्या वेळा. मग दोन्ही एका गटात कशी? कारण कोष्टक मर्यादित बोलीच्या खेळासाठी केलेले आहे. तिथे नव्वी-अठ्ठीने स्वस्तात पुढची पाने पाहता येतात, जमले नाही तर पत्ते टाकता येतात. सर्वस्व एकदम लागले की ही सवड उरत नाही. पुस्तकात बसण्याच्या जागेचाही विचार आहे. नक्कल करणारे तो गाळून फक्त गट पाठ करतात.

दुसरी फसगत नशिबाची. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते आणि एका अनोळखी हातापुढे सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. तरी असे पाच सामने ओळीने जिंकण्याची शक्यता ०.८५ चा पाचवा घात, म्हणजे फक्त ४४ टक्के. नऊ जण शेवटपर्यंत समोर राहिले, तर तीच जोडी शंभरात ३१ च्या आसपास जिंकते. म्हणजे बरोबर निर्णय घेऊनही हरता येते, आणि चुकीचा घेऊन जिंकताही येते.

खरा धोका इथे आहे. फुकट खेळात चुकीची किंमत मोजावी लागत नाही. दोन-चार डाव जिंकलेला मुलगा नशिबाला कौशल्य समजतो, आणि पुढे पैसे लावायला निघतो.

वर्गात पैसे नकोत, चिप्सही नकोत. पत्ते पिसून दोन-दोन पाने वाटा, जोड्या मोजा. सतराशे वेळा वाटली तर शंभरच्या आसपास जोड्या यायला हव्यात. सतरा वाटण्यांत मात्र एकही न येणे किंवा तीन येणे अगदी शक्य आहे. मग मुलांना विचारा : हे कोष्टक कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? आणि आपला प्रश्न तोच आहे का?