औषध म्हणावे की विष?

रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ला पर्यावरण चळवळीचा उगम मानण्याचा प्रघात आहे. १९६२च्या जूनमध्ये ते ‘द न्यूयॉर्कर’मध्ये क्रमशः आले, सप्टेंबरमध्ये पुस्तकरूपाने. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. पण डीडीटीच्या धोक्यांविषयी शास्त्रज्ञ आधीपासून लिहीत होते. मग चळवळीला बळ याच पुस्तकाने का दिले?

माझ्या मते याचे एक मोठे कारण भाषेत आहे. कार्सन यांनी आधी नावावरच बोट ठेवले: ज्याने किडीबरोबर पक्षी आणि मासेही मरतात, त्याला कीटकनाशक नव्हे, जीवनाशक म्हणा. मग दाखला दिला. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटे मारण्यासाठी डीडीटीच्याच कुळातले डीडीडी टाकले गेले. प्रमाण पाण्याच्या ५ कोटी भागांस १ भाग. तेच विष माशांतून चढत पाणपक्ष्यांच्या चरबीत १० लाखांस १६०० भाग झाले. म्हणजे ८० हजार पट. या साखळीच्या टोकाला आपले ताट आहे, हे वाचकाला उमगले. वाचणारा आणि भोगणारा एकच ठरला.

आपल्याकडे क्रम उलटा. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली, त्यानंतर चौकशी होऊन १९६८चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावर रंगीत खूण सक्तीची झाली. लाल म्हणजे अतिविषारी. बोलीत मात्र ते ‘औषध’च राहिले. शेतकरी औषध मारतो आणि खचला तर औषध पितो. शब्द एकच, पण पिण्याच्या वेळी त्याचा अर्थ कोणालाही समजवावा लागत नाही. मराठी ग्रामीण लेखनाने हे पिणे पुष्कळ लिहिले. मारणे मात्र रोजचे काम म्हणून बहुधा नजरेआड राहिले.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा थेट तोंडावर येणारा. ती माणसे विष प्यायली नव्हती. कामावर गेली होती.

नाव बदलल्याने मजुराला हातमोजे मिळत नाहीत, हे खरे. परंतु ‘औषधाने बाधा झाली’ म्हटले की हलगर्जीपणा मजुराचा ठरतो. ‘विष फवारायला लावले’ म्हटले की लावणारा कोण, हा प्रश्न येतो. इथला पुस्तक वाचणारा आणि पंप पाठीवर घेणारा वेगळे आहेत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आपल्या ताटात येणारी भाजी त्यांना जोडते. मराठीतल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ची सुरुवात पक्ष्यांपासून नव्हे, त्या पंपवाल्यापासून व्हावी लागेल.