भाषेचा उंबरठा

दिवाळीच्या फराळाबरोबर कथा-कादंबऱ्यांची चर्चा करावी, हा आपला शिरस्ता. तो मोडून मी यंदा बहुभाषी संकेतस्थळांच्या दाराविषयी लिहिणार आहे. रसिकांनी नाक मुरडू नये. पुस्तकाच्या मुखपृष्ठाची आपण चिकित्सा करतो. मग ज्या पानांवरून मुलांचे दाखले आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज भरले जातात, त्यांची का करू नये?

पहिली कसोटी अशी, की हे दार पाहुण्याची भाषा ओळखते कशी? पाहुणा कोणत्या ठिकाणाहून आला त्यावरून तर्क करणे, ही एक रीत. पण गाव म्हणजे भाषा नव्हे. बेळगावात आणि बडोद्यात मराठी घरे आहेत. मुंबईत तर सगळा देश नांदतो. दुसरी रीत अधिक सुसंस्कृत. ब्राउझर प्रत्येक भेटीत आपल्या धन्याच्या पसंतीच्या भाषांची यादी क्रमाने पुढे करतो; ती वाचावी. मात्र तेही वेदवाक्य नव्हे. कित्येक फोन दुकानातून येतात तसेच इंग्रजीत राहतात. म्हणून तर्क जरूर करावा, पण भाषा बदलण्याची सोय ठळक ठेवावी आणि एकदा केलेली निवड विसरू नये.

दुसरी कसोटी नावाची. यादीत ‘मराठी’ हा शब्द रोमन लिपीत लिहिणे म्हणजे ज्याला ती लिपी येत नाही, त्यालाच ती वाचायला लावणे! आपली नोट याहून शहाणी. तिच्या मागल्या बाजूच्या पट्टीत 15 भाषा आपापल्या लिपीत रक्कम सांगतात. कोठे कोठे भाषेऐवजी झेंडे लावतात, तेही अविचाराचेच. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, तिरंगा एकच. फ्रेंचसाठी फ्रान्सचा झेंडा लावला, तर बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडा येथल्या फ्रेंच भाषिकांनी काय करावे?

तिसरी कसोटी सर्वांत कडक. मध्यंतरी एका संकेतस्थळावर मी शिष्यवृत्तीचा नियम इंग्रजीत वाचत होतो. ‘मराठी’ दाबले, तो थेट पहिल्या पानावर येऊन पडलो. तेथे स्वागत मराठीत होते. नियम मात्र मराठीत नव्हताच! याउलट विकिपीडिया पाहा. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. तेथे लेख वाचता वाचता भाषा बदलली, की त्याच विषयाचा लेख समोर येतो. शिवाय प्रत्येक भाषेचा पत्ता निराळा, त्यामुळे हवे ते पान दुसऱ्यास धाडता येते. जे नाही ते आहे असे भासवण्यापेक्षा ‘हे पान अद्याप मराठीत नाही’ असे सरळ सांगणे केव्हाही बरे.

कोणी म्हणेल, या बारीकसारीक गोष्टी. शिक्षक या नात्याने मला तसे वाटत नाही. शाळेच्या कामासाठी आलेली आई फोन पाहते, गोंधळते आणि तो आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देते. मग घरचा अर्ज मूल भरते, आणि चार यत्ता मराठी उत्तम शिकलेली बाई आपल्याच मुलापुढे निरक्षर ठरते. दोष तिच्या शिक्षणाचा नसतो, दाराचा असतो. ज्या दाराशी आपल्या भाषेचे नाव आपल्याच अक्षरांत दिसते आणि आत शिरल्यावरही ती भाषा साथ सोडत नाही, तेच दार मी चांगले म्हणेन.