वाऱ्याचें चित्र आणि त्याचें वाचन

वादळाच्या दिवसांत समुद्रावरील वाऱ्याचे नकाशे हल्लीं घरोघर पाहिले जातात. ग्रंथाप्रमाणें त्यांचेंही परीक्षण व्हावें, असें आम्हांस वाटतें. निळ्या पटावरील त्या बाणांची सुबकता वादातीत आहे. आमचें म्हणणें ‘उपग्रहानें मोजलेला वारा’ ह्या वर्णनापुरतें आहे.

उपग्रहास वारा दिसत नाहीं. हर्सूलच्या तलावाच्या बांधावर उभें राहिलें असतां आपणांसही तो दिसत नाहीं. पाण्यावर उठलेली शिरशिरी दिसते व तिजवरून आपण वारा ताडतों. उपग्रहाची रीत हीच. तो सुमारें दोन सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी समुद्रावर तिरप्या सोडतो. पाणी सपाट असल्यास त्या पुढें निघून जातात. बारीक तरंग असल्यास त्यांचा कांहीं अंश परत येतो. त्या अंशावरून वेग, आणि एकच जागा निरनिराळ्या बाजूंनीं पाहून दिशा, असें गणित बसवितात. पण एकाच उत्तरास अनेक दिशा जुळतात व त्यांतून एक निवडावी लागते. शिवाय जोराच्या पावसाचे थेंब ह्या लहरींस विस्कटतात. म्हणजे वादळ जेथें उग्र, तेथेंच अक्षर पुसट!

ह्या विद्येची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. १९७८ सालीं अमेरिकेच्या सीसॅटनें जें थोडे महिने करून दाखविलें, तें २००९ सालीं ओशनसॅट-२ नें भारताच्या हातीं दिलें. २०१६ सालचा स्कॅटसॅट-१ फेब्रुवारी २०२१ मध्यें थांबला. त्याच मे महिन्यांत तौक्ते वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां असें वाचन करणारा स्वदेशी उपग्रह कामावर नव्हता. ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्यें वर गेला. ती उणीव किती मोठी, हें किनाऱ्यावरील कोळ्यास सांगावयास नको. आणि समुद्रावरून वाऱ्यानें आणलेल्या वाफेवर ज्यांचे तलाव भरतात, त्या हर्सूलकरांसही हा विषय परका नाहीं.

आमचा आक्षेप नकाशाच्या निःशंकतेवर आहे. शास्त्रज्ञांच्या मूळ सामग्रींत पावसानें बिघडलेल्या जागीं खूण केलेली असते. लोकांपुढें येईपर्यंत ती पुष्कळदां गळून पडते आणि सारे बाण सारखेच खरे दिसूं लागतात. जुन्या पोथीचा प्रामाणिक संपादक शंकित पाठाजवळ खूण करतो. ज्या बाणाकडे पाहून कोणी होडी समुद्रांत लोटणार, त्या बाणाच्या बाबतींत तरी एवढी सचोटी मागणें अवास्तव नव्हे.