छापील जंत्री आणि १९३१ चें न्यूयॉर्क विधिमंडळ

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या १५४ व्या विधिमंडळाची हकीकत एका ठराविक घाटाची आढळते: सभासदांची यादी, पक्षबळ, अधिवेशनांच्या तारखा. एवढ्यास कारकीर्दीचा इतिहास म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

महामंदीच्या त्या वर्षीं दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचें बहुमत होतें. गव्हर्नर रूझवेल्ट मात्र डेमोक्रॅट. २५ ऑगस्ट १९३१ रोजीं जादा अधिवेशन भरलें, तें न्यूयॉर्क शहराच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या हॉफस्टॅटर समितीस साक्षीदारांना अभय देण्याचा अधिकार मिळावा म्हणून. तीनच दिवसांनीं रूझवेल्ट यांनीं त्याच सभेपुढें बेकारांच्या साह्यार्थ दोन कोटि डॉलरांची मागणी ठेविली. निमंत्रणाचा हेतु एक, मुख्य फलित दुसरें! जंत्री वाचणारास हें कळावें कसें? शिवाय कायदा ओळखला जातो विक्स या रिपब्लिकन सेनेटरच्या नांवानें, त्यामुळें अनवधानी लेखक सगळें श्रेय त्याच पक्षाच्या पदरीं टाकावयाचा. कायद्यानें स्थापिलेली ‘तात्पुरती’ साह्यसंस्था १९३७ पर्यंत चालली, हें तर यादींत कोठेंच बसत नाहीं.

सभागृहांची छापील रोजनिशी ठराव व मतें नोंदविते, भाषणें नव्हे. म्हणून गव्हर्नरकडे आलेलीं पत्रें व खात्यांचे शेरे ज्यांत आहेत तीं विधेयकवार पुडकीं, म्हणजे ‘बिल जॅकेटें’, सोडविलीं पाहिजेत. १९११ सालीं ऑल्बनीच्या विधानभवनास लागलेल्या आगींत राज्य ग्रंथालयाचीं असंख्य हस्तलिखितें गेलीं. ती हळहळ आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९३१ चे कागद त्या आगीनंतरचे आहेत, तेव्हां प्रस्तुत लेखकांस ती सबब मिळणार नाहीं.